एका दिवसाला एकच गाव

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. कारण माझी भाची. ती आणि जावईबापू पुढच्या महिन्यात इटलीला चाललेत, त्यातले चार दिवस नेपल्सला. "मावशी, तू जाऊन आलीस ना, तिथून एका दिवसात जाऊन येण्यासारखं काय काय आहे, जरा यादी पाठव," असा तिचा निरोप आला. मी फोनवर सांगायला लागले, पण तिला यादी हवी होती आणि मी काही यादी देईना. शेवटी "बरं मावशी, ठेवते" झालं. म्हणून हे इथे लिहून ठेवते. ती वाचेल, आणि तुम्हा मंडळींनाही कधी उपयोगी पडेल.

माझं मत आधीच सांगून टाकते. नेपल्सला राहून रोज एकच गाव करावं. सकाळी पाँपेई, दुपारी व्हेसुव्हियस, संध्याकाळी सोरेंतो असलं काही करू नये. आता हे मत माझ्या सत्तरीतल्या गुडघ्यांचं आहे, असं माझा मुलगा म्हणतो. गुडघ्यांचा वाटा आहे, नाकारत नाही. पण ते सगळं कारण नव्हे.

आम्ही दोघं २००८ साली एका टूरबरोबर युरोप बघून आलो होतो. रोमहून भल्या पहाटे बसनं निघून दुपारच्या जेवणाआधी पाँपेई 'झालं' होतं. दीड तास! छत्रीवाल्या गाईडच्या मागे आम्ही चाळीस जण. ह्यांना तिथल्या भट्टीपाशी थांबायचं होतं. दगडी जाती, विटांची भट्टी, सगळं जागच्या जागी. ह्यांचं सगळं बालपण गिरणीच्या आवारात गेलेलं, त्यामुळे ती जाती फिरवायची कशी हे त्यांना नीट बघायचं होतं. गाईडनं छत्री हलवली. हे म्हणाले, "चल, परत येऊ निवांत." २०१६ मध्ये हे गेले. तेव्हा "परत येऊ" या शब्दांवर माझा फारसा विश्वास राहिलेला नाही.

मागच्या ऑक्टोबरात म्युनिकहून मुलगा, सून आणि अकरा वर्षांचा नातू मला नेपल्सला घेऊन गेले. मुलानं संगणकावर छानसा तक्ता केला होता. पाच दिवस आणि आठ ठिकाणं, प्रत्येकापुढे तास-मिनिटं. त्याचं म्हणणं सरळ होतं : "आई, तुझं पुन्हा येणं होईल का? मग आलोच आहोत तर सगळं बघून घे." माझं म्हणणंही तेच होतं, पुन्हा येणं होणार नाही. पण त्यावरून मी उलट्या टोकाला पोचत होते.

पहिल्या दिवशी कुठेही न जाता नेपल्समधलं पुराणवस्तू संग्रहालय पाहिलं. भाचीबाई, हे लिहून घे : पाँपेई-हर्क्युलेनियमच्या आधी हे संग्रहालय बघायचं, नंतर नाही. त्या गावांमधली चांगली चित्रं, भांडी, मूर्ती उचलून इथे आणली आहेत. मंगळवारी ते बंद असतं.

मला तिथे एकच वस्तू बघायची होती. साधारण वीतभर उंचीची, पाव मीटरपेक्षा किंचित कमी, हस्तिदंती बाई. अंगावर दागिने, दोन बाजूंना दोन छोट्या दासी. १९३८ साली पाँपेईच्या एका घरात सापडली आणि 'पाँपेईची लक्ष्मी' म्हणून प्रसिद्ध झाली. ती लक्ष्मी नसून यक्षी असावी, असं आता बरेच अभ्यासक म्हणतात. डोक्यातून खाली भोक आहे, म्हणजे ती कशाची तरी मूठ किंवा पाय असणार. आता माझा हट्ट कशाला? तर अगदी अशाच घडणीच्या लहान मूर्ती आपल्याकडे भोकरदनला आणि तेरला सापडल्या आहेत. तेर म्हणजे आमच्या लातूरपासून तासा-दीड तासावरचं, गोरोबाकाकांचं गाव. तिथल्या लामतुरे संग्रहालयात मी शाळेची मुलं घेऊन कितीतरी वेळा गेले आहे. 'पेरिप्लस' नावाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी पुस्तकात लिहिलंय, की भडोचपासून पैठण वीस दिवसांवर आणि पैठणपासून पूर्वेला तगर दहा दिवसांवर. तगर म्हणजेच तेर. तिथला माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जाई. पाँपेईची बाई नक्की आपल्याकडचीच, असं छातीठोक सांगता येत नाही. तिच्या तळाशी खरोष्ठी अक्षर आहे आणि ती लिपी वायव्येकडची. पण ही नात्यातली आहे एवढं डोळ्यांना कळतं.

गंमत अशी, की तिला ठेवलंय त्या संग्रहालयाच्या 'गुप्त' दालनात. पाँपेईची सगळी शृंगारिक चित्रं नि वस्तू तिथे आहेत! सुनेनं नातवाला बाहेर मोझेइकची चित्रं बघायला नेलं. आत मी, माझा मुलगा आणि भिंतीवर ते सगळं. आम्ही दोघंही फक्त त्या हस्तिदंती बाईकडेच एकटक बघत राहिलो. असो. बाहेर आल्यावर नातू म्हणाला, "आजी, आत काय होतं?" मी म्हटलं, "तेरची एक बाई होती."

दुसऱ्या दिवशी हर्क्युलेनियम, म्हणजे आजचं एर्कोलानो. लोकलनं वीसेक मिनिटं, पुढे सरळ उताराचा रस्ता. (येताना तोच चढ होतो, हे लक्षात ठेवा.) पाँपेई खूप मोठं, साधारण ६६ हेक्टर. हे त्यामानाने चिमुकलं, कारण उरलेलं गाव अजून आजच्या एर्कोलानोच्या घरांखालीच आहे. दारातून आत गेलं की एका प्रचंड खड्ड्याच्या काठावर आपण उभे राहतो. खाली दोन हजार वर्षांपूर्वीचं गाव, आणि वर काठावर चालू घरं, गॅलरीत वाळत घातलेले कपडे. इसवी सन ७९ मध्ये पाँपेईवर राखेचा नि हलक्या दगडांचा चार-सहा मीटर थर पडला. इथे मात्र जळत्या वायूचे आणि राखेचे लोट आले आणि गाव वीसेक मीटर खाली गाडलं गेलं. त्यामुळे जे लाकूड पाँपेईत नाहीसं झालं ते इथे कोळसा होऊन टिकलं. दाराच्या चौकटी, माडीचे वासे टिकले. एका घरात लाकडी घडीचं दार अजून जागेवर उभं आहे. एका घरातून तर पाळणा निघाला.

समुद्राच्या बाजूला कमानी आहेत, होड्या ठेवायच्या. समुद्र आता बराच मागे हटलाय. हे गाव वेळेत रिकामं झालं, असं कितीतरी वर्षं लोक समजत होते, कारण सांगाडे फार सापडत नव्हते. १९८० नंतर या कमानी उकरल्या, तर आत आणि पुढच्या वाळूत मिळून तीनशेच्या आसपास माणसं निघाली. होडीची वाट बघत एकमेकांना चिकटून बसलेली. तिथे दिसतात ते साचे आहेत, असं मुलानं वाचून सांगितलं. मला त्यानं काही फरक पडला नाही.

लातूरकडच्या माणसाला ते दृश्य नुसतं इतिहासाचं राहत नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. विसर्जनाची रात्र होती, लोक दमून झोपले होते. दगडमातीच्या रुंद भिंती, वर मातीचं जड माळवद. तीच घरं अंगावर आली. आम्ही शिक्षक मंडळी तिसऱ्या दिवशी भाकरी घेऊन त्या भागात गेलो होतो. मी काय पाहिलं ते ना कधी वर्गात सांगितलं, ना इथे लिहिलं, आणि आजही लिहिणार नाही. पण त्या कमानींसमोर एका आईच्या हाताची ठेवण दिसली आणि मी कठड्याला धरून उभी राहिले.

तक्त्याप्रमाणे साडेबाराला व्हेसुव्हियसची बस होती. वर हजारेक मीटरपर्यंत वाहन जातं, पुढे चालत तोंडापर्यंत. मी म्हटलं, मी येणार नाही. मुलगा म्हणाला, "आई, तिकिटं काढलीयेत." मी म्हटलं, तुम्ही जा. तो चिडला. मीही चिडले. सून बिचारी दोघांकडे बघत राहिली. शेवटी कोणीच गेलं नाही, सगळे गप्प बसून नेपल्सला परतलो. त्याचे पैसे वाया गेले आणि त्याहून, त्यानं माझ्यासाठी रात्री जागून केलेला तक्ता मोडला. त्याबद्दल मला वाईट वाटतं, इथे कबूल करते. पण तिकिटं फुकट गेली तरी जायला नको होतं, हे माझं मत अजून तसंच आहे. तीनशे माणसं बघितल्यावर लगेच ज्यानं ती मारली त्या डोंगरावर चढून फोटो काढायचे? तो डोंगर काही निवांत झालेला नाही, १९४४ मध्ये फुटला होता. त्याच्या धोक्याच्या पट्ट्यात आजही सहा लाखांहून जास्त माणसं राहतात. तो बघावा, जरूर बघावा, पण त्याला त्याचा स्वतंत्र दिवस द्यावा.

बाकीचं थोडक्यात. पाँपेईला उघडायच्या वेळी पोचा. नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला वीस हजारच माणसं आत सोडतात, तिकिटावर नाव असतं. रस्ते काळ्या दगडांचे, गाडीच्या चाकोऱ्या पडलेले, तेव्हा चप्पल नको, बूट घाला. पाणी आणि दशम्या बरोबर ठेवा. मी यावेळी भट्टीपाशी पाऊण तास बसले. त्या जात्याच्या वरच्या दगडाला कानासारखी भोकं आहेत, त्यात लाकूड अडकवून गाढवाकडून किंवा माणसाकडून फिरवायचे. ह्यांना हेच बघायचं होतं. काप्रीला ही मंडळी गेली, मी गेले नाही. समुद्राकाठी बाकावर बसून राहिले, मजेत होते. काप्री सुंदर आहे म्हणतात. असेल.

आता तुम्ही म्हणाल, बाईंना वेळ भरपूर, नोकरदार माणसांनी सुट्ट्या कुठून आणायच्या? खरं आहे. चार दिवसांत चारच गावं होतील, चार राहतील. राहू देत ना! मी स्वतः तीस वर्षं हीच चूक करत आले. शाळेची सहल म्हणजे एका लाल गाडीत साठ मुलं, नि एका दिवसात तेर, तुळजापूर, नळदुर्ग. दुसऱ्या दिवशी निबंध 'माझी सहल'. साठातल्या पन्नास वह्यांत भेळ, कोण ओकलं आणि गाडी कुठे पंक्चर झाली, एवढंच. तेरच्या हस्तिदंती बाहुलीवर कुणी दोन ओळी लिहिल्याचं मला आठवत नाही. आणि मी ते निबंध लाल शाईनं तपासत बसायची, शुद्धलेखनाचे गुण कापत!

नातू दिवाळीला येतोय. त्याला 'तेरची बाई' बघायचीच आहे, तेव्हापासून डोक्यात बसलंय त्याच्या. मी सांगितलं, सकाळच्या एसटीनं जाऊ, संग्रहालय बघू, गोरोबाकाकांचं दर्शन घेऊ, नदीकाठी डबा खाऊ नि संध्याकाळी परत. काल मुलाचा निरोप आला : "आई, गाडी करू. तेर दोन तासांत होईल, मग तुळजापूर आणि जमलं तर नळदुर्ग. तूच नाही का न्यायचीस आम्हाला?"

उत्तर अजून दिलेलं नाही.