घरीच तर आहे!

बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे पालकांची ये-जा सुरू होते. हल्ली त्यांच्याकडून एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. "टीचर, ऑनलाइन डिग्री होते ना आता? मग पोरीला रोज बसने कशाला पाठवायची?" मुलाबाबत हा प्रश्न आम्हांला अजून कोणी विचारलेला नाही.

विचारणाऱ्यांची माहिती तशी बरोबर आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2021 च्या नियमांनुसार एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम्' या सरकारी मंचावरून करता येतात, आणि काही विद्यापीठांच्या पूर्ण ऑनलाइन पदव्याही आहेत. पण घरबसल्या कॉलेज कसे असते, याचा अनुभव आपण 2020 मध्ये घेतलेला आहे. तो इतक्या लवकर विसरला जावा याचे नवल वाटते.

पिरंगुट हे पुणे-पौड रस्त्यावरचे गाव. भोवती कारखाने, भाड्याच्या खोल्यांत राहणारी कामगार कुटुंबे, आणि पलीकडे मुळशीच्या आतल्या वाड्या-वस्त्या. इथल्या अनंतराव पवार महाविद्यालयामुळे पदवीसाठी पुण्याला जाण्याची गरज बऱ्याच घरांना उरली नाही. मुलींच्या दृष्टीने ही फार मोठी सोय. मार्च 2020 मध्ये सगळीच कॉलेजे बंद झाली आणि वर्ग मोबाइलमध्ये शिरला. वीस-वीस वर्षे खडू हातात धरलेल्या प्राध्यापकांनी आठ-पंधरा दिवसांत झूम आणि गूगल मीट शिकून घेतले, हे त्यांचे श्रेय. पण समोर दिसायचे काय? काळे चौकोन. मूल ऐकते आहे की झोपले आहे, हे चेहऱ्यावरून ओळखायची आम्हा शिक्षकांची सवय तिथे निरुपयोगी ठरली.

मग घरातल्या मोबाइलचा हिशेब. व्हिडिओच्या एका तासाला साधारण अर्धा ते एक जीबी डेटा जातो. रोजचे रिचार्ज दीड जीबीचे आणि शिकणारी भावंडे तीन! दुपार व्हायच्या आत पॅक संपलेला. राष्ट्रीय नमुना पाहणीचे 2017-18 चे आकडे सांगतात की देशातल्या ग्रामीण भागात इंटरनेटची सोय जेमतेम 15 टक्के घरांत होती आणि संगणक तर शंभरात चार-पाच घरांत. त्यात 3 जूनला निसर्ग वादळ आले, आणि मावळ-मुळशीत विजेचे खांब आडवे झाले.

या अडचणी सगळ्यांच्याच होत्या. मुलींच्या वाट्याला एक वेगळी आली, आणि तिचा नेटवर्कशी काही संबंध नव्हता. मुलगी कॉलेजला जाते तेव्हा सकाळी सात ते बारा ती घरात नसते, आणि हे घराला मान्य असते. तीच मुलगी कोपऱ्यात कानाला इअरफोन लावून बसली की हाक येते, "घर में च तो है, जरा चाय रख." पाहुणे आले, उठ. धाकट्याने रडायला घेतले, उठ. त्या वर्षी 25 एप्रिलला पहिला रोजा होता. इफ्तारीची तयारी दुपारीच सुरू व्हायची आणि दुपारचे तास तिथेच बुडायचे. आमच्या शाळेतून गेलेली एक मुलगी फजरच्या नमाजनंतर जिन्यात बसून रेकॉर्ड केलेली व्याख्याने ऐकायची. त्या वेळी नेटही चालायचे आणि हाक मारणारेही झोपलेले असायचे. भाऊ तासाला बसला की मात्र घरात टीव्हीचा आवाज कमी व्हायचा. भगिनींनो, हे करणाऱ्या बहुतेक आपणच होतो, म्हणून हे लिहीत आहोत.

परीक्षेचा घोळ तर सर्वांच्या आठवणीत असेल. राज्य सरकार म्हणत होते की अंतिम वर्षाची परीक्षा नको, आयोग म्हणत होता की हवीच. 28 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही असा निकाल दिला. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची परीक्षा ऑक्टोबरमध्ये झाली, बहुपर्यायी प्रश्नांची. सुरुवातीलाच तांत्रिक अडचणी आल्या आणि अनेकांना पुन्हा संधी द्यावी लागली. तीन वर्षे दीर्घोत्तरी लिहिण्याचा सराव केलेल्या मुलांनी शेवटी चार पर्यायांतला एक गोल निवडला. त्याने त्यांचे काय मोजले गेले, देव जाणे.

घरी राहून शिकता येतच नाही, असे आमचे म्हणणे नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून हेच काम करते, आणि संसार सांभाळून तिथून पदवी घेतलेल्या कितीतरी स्त्रिया आपल्या आसपास आहेत. फरक हा की तिथली पुस्तके एकट्याने वाचून समजावीत अशीच लिहिलेली असतात. 2020 मध्ये आपण वर्गातले व्याख्यान जसेच्या तसे मोबाइलवर ओतले. ज्या प्राध्यापकांनी दहा मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर पाठवला, सोबत दोन पानांचे टिपण जोडले आणि संध्याकाळी शंकांसाठी फोन घेतला, त्यांची मुले तरली. आवाजाला डेटाही नगण्य लागतो.

तेव्हा कॉलेज जवळ असेल तर मुलीला कॉलेजातच घाला, असा आमचा आग्रह राहील. नाइलाजाने ऑनलाइन किंवा मुक्त शिक्षण घ्यायचेच असेल, तर तासाची वेळ कागदावर लिहून स्वयंपाकघरात चिकटवा आणि त्या वेळेतला चहा दुसऱ्याने करायचा हे अब्बांसमोर ठरवून घ्या. मोबाइल तिचा स्वतःचा असावा. प्रवेशाआधी अभ्यासकेंद्रावर एका रविवारी प्रत्यक्ष जाऊन या आणि संपर्कवर्ग खरोखर भरतो का ते पाहा. जाताना मुलीलाही बरोबर न्या.