भाड्याचे पोशाख आणि घरचा वारसा

एक मे उजाडला की आमच्या नांदेड-लातूरकडे एक ठरलेला सोहळा पार पडतो. सकाळी झेंडावंदन, मागोमाग पाहुण्यांचे भाषण, आणि मग ‘महाराष्ट्राची संस्कृती’ या मथळ्याखाली मुलामुलींचा कार्यक्रम. अशाच एका कार्यक्रमास आम्ही मध्यंतरी पुढच्या रांगेत बसून होतो. कोळीनृत्य झाले, समुद्र कधीही न पाहिलेली पोरे मोठ्या हौसेने होडी वल्हवीत होती. मंगळागौर झाली, लावणी झाली, रायगडावरील राज्याभिषेक झाला. मुलांनी मेहनत घेतली होती, आयांनी रात्री जागून पदर टाचले होते. त्यांच्या कौतुकात आम्ही हात आखडता घेतला नाही. मात्र घरी परतताना एक प्रश्न पाठ सोडीना. दोन तासांच्या त्या सोहळ्यात गोदावरी, मांजरा किंवा मन्याड यांच्या काठचे काही होते काय? पोशाख दुकानातून भाड्याने आले होते आणि संध्याकाळी ते परत गेले. आमची तक्रार अशी आहे की, पोशाखांबरोबर वारसाही आम्ही भाड्यानेच आणू लागलो आहोत.

कोळीनृत्याशी किंवा रायगडाशी आमचे वैर नाही. ते सारे आमचेच आहे. परंतु शेजाऱ्याच्या अंगणातील तुळशीला पाणी घालून आपल्या अंगणातील रोप वाळू द्यावे, याला कोणी संस्कृतिप्रेम म्हणणार नाही.

मग आमच्या घरचे आहे तरी काय? राष्ट्रकूटकाळाशी नाते सांगणारा कंधारचा किल्ला आहे. देगलूर तालुक्यात होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे आहेत, औसा तालुक्यात खरोशाची लेणी आहेत. १७६० साली मराठे आणि निजाम यांच्यात जेथे लढाई झाली ते उदगीर आहे. माळेगावच्या खंडोबाची यात्रा आहे. तेथे जनावरांचा बाजार, वाघ्यामुरळी आणि तमाशाचे फड एकाच माळावर नांदतात. लातूरची गंजगोलाई आहे. तिच्याकडे शहराच्या सोळा वाटा धावत येतात. आणि नांदेड येथे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक, सचखंड श्री हुजूर साहिब आहे. पाटण्यास जन्मलेले गुरू गोविंदसिंग १७०८ साली याच गोदाकाठी निवर्तले. पंजाबच्या महाराजा रणजितसिंगांनी तेथे वास्तू उभारली, आणि आज देशोदेशींचे यात्रेकरू ज्या गावाचे नाव श्रद्धेने घेतात ते आमचे नांदेड आहे.

भाषेचेही तसेच. देगलूर-बिलोलीच्या बाजारात मराठीच्या जोडीला तेलुगू ऐकू येते, उदगीर-देवणीकडे कानडी, तांड्यावर गोरमाटी, मोहल्ल्यांत दखनी. नरहर कुरुंदकरांसारखा विचारवंत नांदेडात राहूनच साऱ्या महाराष्ट्राशी वाद घालीत होता. त्यासाठी त्यांस पुण्यास बिऱ्हाड हलवावे लागले नाही. आमच्या मुलांना यांतले किती ठाऊक आहे? नसेल तर तो दोष मुलांचा खास नव्हे.

आता जरा कठीण गोष्टीकडे वळू. वारसा म्हणजे केवळ पाहण्याजोग्या वास्तू आणि नाचण्याजोगी गाणी अशी आपली समजूत होऊन बसली आहे. ज्या घरात केवळ दागिन्यांची आठवण ठेवतात आणि आजोबांनी सोसलेल्या कष्टांचा विषय निघताच तोंड फिरवितात, त्या घरास वारसा कळला असे आम्ही म्हणणार नाही.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा नांदेड आणि लातूर निजामाच्या राज्यातच होते. आमच्याकडे स्वातंत्र्य १७ सप्टेंबर १९४८ रोजी, तेरा महिने उशिरा आले. त्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ आजच्या कर्नाटकातील सिंदगीचे. हिप्परग्याच्या आणि अंबाजोगाईच्या शाळेत शिकवीत असताना ते मराठवाड्याचे झाले. नांदेडच्या विद्यापीठास आज त्यांचे नाव आहे. बिलोली तालुक्यातील अर्जापूरजवळ १९४६ साली गोविंदराव पानसरे यांनी प्राण वेचले. जानेवारी १९४८ मध्ये उमरीच्या बँकेवर लढ्यातील तरुणांनी धाड घातली. ‘इमरोज’ या उर्दू पत्राचे संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांविरुद्ध लेखणी उचलली, आणि ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांची हत्या झाली. निजामाविरुद्धचा लढा हा एका धर्माचा दुसऱ्या धर्माशी लढा होता, असे जे सांगतात, त्यांनी या संपादकाचे नाव एकदा मोठ्याने उच्चारून पाहावे.

आणि सत्य सांगायचे तर पुरते सांगावे. पोलीस ॲक्शननंतर अनेक गावांत निरपराध मुसलमान कुटुंबांवर सूड उगविला गेला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने पाहणी करून दिल्लीस जो अहवाल दिला, त्यात सर्वाधिक होरपळलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड ही नावे आहेत. लातूर त्या काळी उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. हा अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आला नाही. तसेच १९७८ चे. मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव झाला, आणि नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे त्या नावाच्या द्वेषापायी मारले गेले. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी, सोळा वर्षांनी. ही नावे एक मे च्या व्यासपीठावर आम्ही कधी ऐकली नाहीत. जो समाज आपल्या अपराधांची कबुली देत नाही त्याचा उत्सव पोकळ असतो, हे पापनिवेदनाचे मोल जाणणाऱ्या कॅथोलिक कुटुंबांना निराळे सांगावयास नको.

राज्याचा वर्धापनदिन हा ताळेबंदाचाही दिवस असतो. १९५३ च्या नागपूर करारात मराठवाड्यास न्याय्य वाटा देण्याचे वचन होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा भाग झाला. बिनशर्त आला, असे आमचे वडीलधारे अभिमानाने सांगत. विभागांतील असमतोल मोजणारा दांडेकर समितीचा अहवाल १९८४ चा. वैधानिक विकास मंडळे स्थापन होण्यास १९९४ उजाडले. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, म्हणजे महाराष्ट्राच्या साठाव्या वर्धापनदिनाच्या आदल्या दिवशी. २०२२ साली त्यांच्या पुनर्गठनाचा निर्णय मंत्रिमंडळाने केला. पण साठीच्या त्या उंबरठ्यावर दिवा विझला तो विझलाच.

यावर कोणी म्हणेल की, सारा दोष मुंबईचा. आम्हांस ते मान्य नाही. शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण असे चार मुख्यमंत्री नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांनी राज्यास दिले. तरीही २०१६ च्या मार्चमध्ये लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. त्या वर्षीचा महाराष्ट्र दिन लातूरने रेल्वेचे पाणी पिऊन साजरा केला. आणि २०१८ च्या सुमारास धर्माबाद तालुक्यातील काही गावांनी तेलंगणात जाण्याची मागणी केली. ज्या राज्यासाठी शंभराहून अधिक माणसांनी हौतात्म्य पत्करले, त्या राज्यातून बाहेर पडावे असे मराठी गावांस का वाटावे? शेजारच्या राज्यात शेतकऱ्यास काय मिळते, हे ती गावे रोज पाहत होती. त्यांच्या मराठीपणाविषयी शंका घेणाऱ्यांनी आधी त्यांच्या रस्त्यांवरून चालून यावे.

एक मे हा कामगार दिनही आहे, आणि पोप बारावे पायस यांनी १९५५ साली याच दिवशी श्रमिक संत योसेफाचा सण नेमून दिला. सकाळी मिस्सेत सुतारकाम करणाऱ्या त्या संतापुढे आपण गुडघे टेकतो आणि दुपारच्या कार्यक्रमात श्रमिकांचे नाव नसते. ऊसतोडीचा हंगाम संपवून टोळ्या याच सुमारास गावी परततात. दसरा-दिवाळीच्या वेळी मुकादमाकडून उचल घेऊन नवराबायको निघतात. कारखान्याच्या हिशेबात त्या दोघांचे मिळून नाव ‘एक कोयता’. सहा महिने पाचटाच्या कोपीत संसार, पहाटेच्या थंडीत तोडणी, आणि पोराची शाळा मध्येच सुटलेली. उचल फिटली नाही तर पुढचा हंगामही बांधलेला. आमच्या मुलांच्या हाती लाकडी तलवारी शोभतात; कोयता धरणाऱ्या हातांचा सन्मान करावा असे मात्र कोणास सुचत नाही.

आमच्या या म्हणण्यावर तीन आक्षेप येतील, हे आम्ही जाणतो.

पहिला आक्षेप असा की, मुलांच्या आनंदाच्या दिवशी ही दुःखाची पोथी कशाला? आमचे उत्तर असे की, मुले आपण समजतो त्याहून खंबीर असतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची जमीन हादरली. गणेश विसर्जन आटोपून गाव झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदे अंगावर कोसळली. दहा हजारांच्या आसपास माणसे गेली, बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली. त्या वेळी जात, धर्म, पक्ष न पाहता माणसे धावली. त्यांत ख्रिस्ती सेवासंस्थाही होत्या. ही गोष्ट सांगितल्याने मुले खचणार नाहीत. उलट आपल्या भूमीवर माणसे एकमेकांसाठी कशी उभी राहिली हे त्यांना कळेल, आणि सांस्कृतिक वारसा याहून निराळा तो काय असतो?

दुसरा आक्षेप असा की, हे राजकारण झाले, धर्मग्रामाने त्यात पडू नये. पाणी, मजुरी आणि शाळा हे राजकारण असेल, तर भुकेल्यास अन्न आणि तान्हेल्यास पाणी देण्याची आज्ञाही राजकारणच ठरेल. आम्ही कोणत्याही पक्षाचा झेंडा घेण्यास सांगत नाही. मात्र झेंडावंदन करताना काठीचा भार कोणाच्या खांद्यावर आहे, हे पाहण्यास जरूर सांगतो.

तिसरा आक्षेप सर्वांत नाजूक. तो आपल्यातूनच येतो. आपण येथले थोडेच? कोणी वैजापूर-गंगापूरकडील जुन्या मिशनगावांतून शिक्षक म्हणून आलेले, कोणी वसईहून बदलीवर, कोणी केरळातून परिचारिका होऊन, कोणी रेल्वेच्या नोकरीपायी. चार घरांचा आपला समाज. आपण पाहुण्यासारखे बसावे, टाळ्या वाजवाव्या आणि घरी जावे. या भूमिकेशी आमचा सर्वांत मोठा वाद आहे. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडचे. १५७९ साली गोव्यात उतरले, येथील भाषा शिकले आणि १६१६ साली त्यांचे क्रिस्तपुराण प्रसिद्ध झाले. मराठी ही त्यांची मायबोली नव्हती, त्यांनी ती आपली केली. जानेवारी २०२० मध्ये आमच्या मराठवाड्यात, उस्मानाबादेस, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा अध्यक्षपदी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. एका धर्मगुरूची निवड काहींना रुचली नाही, विरोधाचे सूर उठले. तरी संमेलन झाले आणि मराठवाड्याने त्यांचे आदराने स्वागत केले. २०२४ साली ते ख्रिस्तवासी झाले. सिंदगीचे स्वामी, पाटण्याचे गुरू, इंग्लंडचे स्टीफन्स, वसईचे दिब्रिटो: येथल्या मातीने कोणाचाही जन्मदाखला मागितला नाही. जो येथले दुःख आपले म्हणेल तो येथला. पाहुणेपण ही आपण स्वतःहून धरलेली सवड आहे, आणि ती सोडण्याची वेळ झाली आहे.

तेव्हा येत्या एक मे साठी आमची मागणी फार मोठी नाही. कोळीनृत्य असू द्यावे, पण त्याच्या जोडीला माळेगावच्या यात्रेचा एक प्रवेश असावा. रझाकारीच्या आठवणी सांगणारी म्हातारी माणसे आता फार थोडी उरली आहेत. ज्यांच्या घरी आहेत त्यांनी त्या आठवणी लिहून ठेवाव्यात, शेजारच्या मुसलमान घरातील आजीकडेही जावे आणि तिचे ऐकावे. मुलांना वर्षातून एकदा कंधारास, होट्टलास, खरोशास न्यावे. मिस्सेतील विनंत्यांमध्ये ऊसतोड कामगारांसाठी एक विनंती असावी, आणि कार्यक्रमातील पहिली रांग मान्यवरांऐवजी त्या दिवशी गावी परतलेल्या एखाद्या टोळीसाठी राखावी. हंगामात ज्यांची शाळा सुटते त्यांतील दोन-चार मुलांची गावीच राहण्याची व जेवणाची सोय एकेका धर्मग्रामाने केली, तर आमच्या मते तो दहा नृत्यांहून मोठा महाराष्ट्र दिन ठरेल.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तीन ऑक्टोबर ही स्वामी रामानंद तीर्थांचीही जन्मतारीख आहे, हे त्या दिवशीच्या आनंदात फार थोड्यांच्या ध्यानी आले. दर्जा मिळाला, चांगले झाले. आता त्या भाषेत आपल्या गावाची खरी गोष्ट आपल्या मुलांना सांगण्याचे काम उरले आहे. भाड्याचा पोशाख संध्याकाळी दुकानदार मोजून परत घेतो. ही गोष्ट मात्र मुलांपाशीच राहील, आणि एक दिवस ती त्यांच्या मुलांना सांगतील.