फूटपट्टी आणि खुरपे

1882 साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी जे निवेदन सादर केले, त्याचा उल्लेख आपल्या व्यासपीठांवरून वारंवार होतो. पण तो बहुधा सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या मागणीपुरताच. त्याच निवेदनात जोतीरावांनी असेही सुचविले होते की, प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमात शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे आणि शाळांना जोडून लहान लहान शेते असावीत, म्हणजे मुलांना प्रत्यक्ष शिक्षण देता येईल. ही सूचना आपल्याही स्मरणातून गळून गेली आहे. वास्तविक तिच्यात एक मोठा विचार दडलेला आहे. ज्या वर्गाला शतकानुशतके केवळ राबवून घेतले, त्या वर्गाच्या मुलाने मातीकडे राबणाऱ्याच्या नव्हे, तर तपासणाऱ्याच्या नजरेने पाहावे, हा तो विचार होय.

आज शाळेतील बाग शासनाच्या कागदावर आलेली आहे. केंद्र सरकारने 2019 मध्ये शालेय पोषण परसबागांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. 2021 मध्ये मध्यान्ह भोजन योजनेला ‘पीएम पोषण’ असे नाव मिळाले, तेव्हाही परसबाग योजनेत राहिली. मुलांच्या ताटात ताजी भाजी पडावी, हा हेतू स्वागतार्हच आहे. परंतु परसबागेची स्पर्धा झाली, की वाफ्यांना चुना लागतो, पाट्या रंगविल्या जातात, छायाचित्रे वर पाठविली जातात आणि पुढच्या वैशाखात सगळे वाळून जाते. छायाचित्रात मेथी दिसते. मुले त्या मेथीपासून काय शिकली, ते दिसत नाही. ज्या बागेत मुलाने स्वतःच्या हाताने एकही आकडा टिपला नाही, तिला मी शोभेची बाग म्हणेन.

कोपरीत हा प्रश्न आणखी अवघड होतो. रेल्वे आणि खाडी यांच्या बेचक्यात सापडलेली ही वस्ती. येथे कोळी-आगरी घरे होती. फाळणीनंतर सिंधी कुटुंबे आली. मागून कारखान्यांतला कामगार आला. आणि आता जुन्या इमारती पाडून मनोरे उठत आहेत. शाळेला अंगण मिळाले तरी भाग्य, अशी स्थिती असताना बाग कोठे करावयाची, हा मुख्याध्यापकांचा प्रश्न गैरवाजवी नाही. पण निरीक्षणाला एकरांची गरज नसते. ग्रेगोर मेंडेलने 1856 ते 1863 या काळात ब्रनो येथील मठाच्या बागेत वाटाण्याची सुमारे 28 हजार रोपे तपासून आनुवंशिकतेचे नियम शोधले. सहावीच्या वर्गाला तेलाचे वीस रिकामे डबे आणि गच्चीचा एक कोपरा पुरेसा आहे.

हे डबे घेऊन काय करता येईल, ते थोडे तपशिलाने सांगतो. कारण आपले कार्यकर्ते शिक्षणावर बोलतात तेव्हा ध्येयाविषयी फार बोलतात आणि वर्गाविषयी फार थोडे.

खाडीकाठच्या मुलांना सहज सुचेल असा प्रश्न घेऊ: खारट पाण्यावर मूग वाढतो का? वीस डब्यांत सारखी माती भरावी, प्रत्येकात एक रोप ठेवावे. दहा डब्यांना नळाचे पाणी द्यावे, दहांना लिटरमागे पाच ग्रॅम मीठ घातलेले पाणी, तेवढ्याच मापाने. आता कोणता डबा कोठे ठेवावयाचा? मुले स्वाभाविकपणे आपल्या आवडत्या डब्यांना उन्हाची जागा देतील. म्हणून चिठ्ठ्या टाकाव्यात. रॉथमस्टेड येथील शेतकी संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी 1920 च्या दशकात याच चिठ्ठ्यांना शास्त्राची प्रतिष्ठा दिली. माणसाचा हात नकळत पक्षपात करतो, तेव्हा निवड नशिबावर सोपवावी, हे तत्त्व अकरा वर्षांच्या मुलाला चिठ्ठी उचलताना जितके पटते, तितके ते पदव्युत्तर वर्गात फळ्यावर पटत नाही.

मग मोजणी. उंची कोठून मोजावयाची? पाणी घातले की माती खचते. म्हणून शेजारी काडी रोवून तिच्यावर खूण करावी लागते. ही युक्ती शिक्षकाने सांगू नये, मुलांना अडू द्यावे. पाच मुलांनी एकच रोप मोजले तर वहीत 11.2, 11.5, 10.9, 12.1 आणि 11.4 सेंटिमीटर असे पाच आकडे उतरतात. येथे आपल्या शाळांतील जुनी सवय आडवी येते. ‘बरोबर उत्तर कोणते?’ असे विचारून चार आकडे खोडले जातात आणि हुशार समजल्या जाणाऱ्या मुलाचा आकडा राहतो. वास्तविक पाचही राहिले पाहिजेत. एकाने पान ताणून धरले, एकाने शेंड्यापर्यंतच मोजले, एकाची फूटपट्टी टोकाला झिजलेली होती. ही कारणे शोधणे म्हणजेच विज्ञानाचा तास. सरासरी 11.42 येते, पण फूटपट्टी मिलिमीटरपर्यंतच वाचता येते, तेव्हा 11.4 लिहावे. आपल्याला जेवढे ठाऊक आहे त्याहून अधिक ठाऊक असल्याचा आव आणू नये, ही शिकवण दशांश चिन्हाच्या पुढच्या एका अंकात सामावते. मी अनेक वर्षे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना संख्याशास्त्र शिकविले. प्रमाण विचलनाचे सूत्र ते धडाधड लिहीत. पण एकाच वस्तूची दोन मापे वेगळी का येतात, असे विचारले की वर्ग स्तब्ध होई. बिचाऱ्यांनी आयुष्यात काही मोजलेलेच नव्हते.

सर्वांत मोलाचा धडा मात्र मेलेल्या रोपांचा आहे. समजा, गोड्या पाण्याच्या दहापैकी नऊ रोपे जगली आणि त्यांची सरासरी उंची 14 सेंटिमीटर भरली. खाऱ्या पाण्याची चारच जगली, आणि त्यांची सरासरी 13 सेंटिमीटर. वाळलेले डबे कोपऱ्यात सरकवून केवळ उंचीचा तक्ता भिंतीवर लावला, तर निष्कर्ष निघेल की मिठाने फारसे बिघडत नाही. सहा रोपे मेली, हे तक्त्यात कोठेच नाही! हा प्रकार मुगापुरता मर्यादित असता, तर पक्षाच्या साप्ताहिकात मी तो लिहिला नसता. कारखान्यातून बदली आणि कंत्राटी कामगार आधी कमी केले, की हजेरीपटावर उरलेल्यांचे सरासरी वेतन वाढलेले दिसते. शाळा सोडून गेलेली मुले पटावरून उतरली, की निकालाची टक्केवारी सुधारते. सरासरीतून कोण गळाले, हा प्रश्न विचारण्याची सवय ज्याला सहावीत लागली, त्याला पुढे आकड्यांनी फसविणे सोपे जाणार नाही.

या विषयात महाराष्ट्राच्या एका सुपुत्राचे नाव घेतलेच पाहिजे. सातारा जिल्ह्यातील बुध गावी 1911 साली जन्मलेले पां. वा. सुखात्मे हे 1940 च्या दशकात दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत संख्याशास्त्राचे काम पाहत होते. शेतात एक लहान चौकट आखावयाची, तेवढ्यातले पीक कापून तोलावयाचे आणि त्यावरून जिल्ह्याचे उत्पन्न काढावयाचे, अशी पीककापणी प्रयोगाची पद्धत. महालनोबीस यांनी बंगालमध्ये फार लहान आकाराचे तुकडे वापरले होते. सुखात्मे यांनी दाखवून दिले की, तुकडा लहान असेल तर उत्पन्न फुगून येते. कारण साधे आहे: दोरीवर उभे असलेले रोप आत धरावयाचे की बाहेर? कापणाऱ्याचा कल आत धरण्याकडे असतो. एक फूट बाजूच्या चौरसात एका चौरस फुटाला चार फूट कड येते. दहा फूट बाजूच्या चौरसात एका चौरस फुटामागे कड केवळ 0.4 फूट. चुकीची जागा कडेवर आहे आणि लहान तुकड्यात कडच अधिक. हे गणित सातवीच्या मुलाला दोरी आणि चार खुंट्या देऊन अर्ध्या तासात कळते.

आणि त्या दोरीवर काय लटकलेले असते? आपल्या महसुली व्यवहारात आजही ‘नजरअंदाज पैसेवारी’ हा शब्द नांदतो. पूर्वीची आणेवारी जाऊन पैसेवारी आली, पण शब्दातली नजर आणि अंदाज गेले नाहीत. पैसेवारी पन्नास पैशांच्या खाली की वर, यावर गावाला टंचाईच्या सवलती मिळणार की नाही हे वर्षानुवर्षे ठरत आले. 2016 च्या दुष्काळ संहितेने पाऊस, मातीतील ओलावा, उपग्रहावरून दिसणारी पिकाची स्थिती असे निर्देशांक पुढे आणले. त्याच वर्षी आलेल्या पंतप्रधान पीकविमा योजनेत तर भरपाईचा हिशेब पीककापणी प्रयोगावरच मोठ्या प्रमाणात उभा आहे. चौकट कोणी आखली, कोणत्या शेतात आखली, ओले धान्य तोलले की सुके, हे विचारू शकणारा तरुण गावात असेल तर पंचनाम्याचे स्वरूप पालटते. कोपरीतल्या मुलांचे शेत नाही, हे खरे. पण पाऊस त्यांचाही आहे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच दिवशी कुलाब्याला 75 मिलिमीटरही नव्हता. एकाच शहरातील दोन वेधशाळांत एवढे अंतर पडत असेल, तर कोपरीत किती पडला हे कोपरीतच मोजावयास हवे. सरळ बाजूंचा, सपाट तळाचा डबा गच्चीवर उघड्यावर ठेवला आणि सकाळी ठरलेल्या वेळी त्यात फूटपट्टी बुडविली, की पर्जन्यमापक तयार. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी, हे कळल्यावर शाळेच्या गच्चीवरून किती पाणी गटारात गेले, हा हिशेब मुले आपण होऊन करतात.

यांतले काहीच अपूर्व नाही. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात 1972 साली किशोर भारती आणि रसूलियाचे मित्रमंडळ केंद्र यांनी सोळा माध्यमिक शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकविण्यास आरंभ केला. मुले शेतशिवारात फिरत, नोंदी करीत, मापांतील घटबढ तपासत. परीक्षेत पुस्तक उघडून बसण्याची मुभा होती. 1978 मध्ये तो कार्यक्रम जिल्हाभर पसरला आणि 2002 मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. तीस वर्षे चाललेली गोष्ट एका आदेशाने थांबते, यावर आपण पुरेसा विचार केलेला नाही. आपल्याकडे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये पाबळला विज्ञान आश्रम उभारला आणि शाळेतील मुलांच्या हाती शेती, बांधकाम, वीज यांची कामे मोजमापासह दिली. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर तर गणिताचे प्राध्यापक. त्यांच्या प्रयोग परिवारात शेतकऱ्यांनी पानांचे क्षेत्रफळ मोजण्यापासून आरंभ केला आणि द्राक्षबागांत आपले प्रयोग आपणच केले. पदवी नसलेल्या माणसाला प्रयोग करण्याचा अधिकार आहे, हे त्यांनी वादविवाद न करता सिद्ध केले.

आपल्यातील काही मित्र एक आक्षेप घेतील, आणि तो मी हलका मानीत नाही. गरिबांच्या मुलांना माती, श्रीमंतांच्या मुलांना संगणक, अशी ही वाटणी नव्हे काय? 1953 मध्ये मद्रास राज्यात राजाजींनी अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस घरचा धंदा अशी योजना आणली, तेव्हा पेरियार यांच्या चळवळीने ती जातिधंद्याची शाळा म्हणून धिक्कारली, आणि 1954 मध्ये ती मागे घ्यावी लागली. तो धिक्कार योग्यच होता. परंतु तेथे मुलाला बापाचे काम करावयाचे होते. येथे त्याला कामाचा हिशेब मागावयाचा आहे. कसोटी सोपी आहे. बागेच्या तासाला मुलाच्या हाती केवळ खुरपे असेल आणि वही नसेल, तर पालकांनी तो तास बंद पाडावा. पाणी घालण्याची पाळी मुलींवर, मोजण्याची मुलांवर, असे दिसले तरीही. पाट्यावरची नावे पाहून खत कालविण्याचे काम विशिष्ट मुलांनाच दिले जात असेल, तर केवळ तास बंद पाडून भागणार नाही.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा, की वेळ कोठे आहे? तोही खरा. निवडणुकीची आणि जनगणनेची कामे कायद्यानेच त्यांच्या माथी आहेत. त्यांत रोज नवी माहिती भरण्याचे काम चढते. म्हणून बागेचा अहवाल वर पाठविण्याची सक्ती प्रथम काढून टाकली पाहिजे. अहवाल मुलांच्या वहीत असतो. ज्या अधिकाऱ्याला तो पाहावयाचा असेल त्याने गच्चीवर यावे.

शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालक असतात. कोपरीत आणि ठाण्याच्या इतर वस्त्यांत आपले कार्यकर्ते, त्यांच्या बहिणी-वहिनी या समित्यांवर आहेत; बहुतेकांनी तेथे गणवेश आणि गळक्या छपराखेरीज दुसरा विषय काढलेला नाही. जूनमधील पहिल्या सभेत हा विषय घ्यावा. आठवड्यातून सलग दोन तासिका, वीस डबे, चार फूटपट्ट्या, एक साधा वजनकाटा, चौकटीच्या कागदाचा एक गठ्ठा, एवढेच मागावे. एखादी कंपनी शाळा दत्तक घेऊन बाग करून द्यावयास आली, तर डबे घ्यावेत, पाटी लावू देऊ नये. आणि नोंदींची वही एप्रिलमध्ये रद्दीत जाता कामा नये. ती मुख्याध्यापकांच्या कपाटात नव्हे, वर्गात खिळ्याला टांगलेली असावी, म्हणजे पुढच्या जूनमध्ये नवी सहावी येईल तेव्हा तिला मागच्या पावसाशी आपला पाऊस ताडून पाहता येईल.