संस्थाबाह्य युवकांच्या रोजगार कार्यक्रमाच्या पर्यवेक्षणाबाबत निवेदन

प्रति,
मा. मंत्री,
महिला व बाल विकास विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

प्रत कार्यवाहीसाठी : मा. आयुक्त, महिला व बाल विकास, पुणे, मा. आयुक्त, कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता, नवी मुंबई

विषय : बालगृहे व निरीक्षणगृहांतून बाहेर पडलेल्या युवक-युवतींना रोजगार देणाऱ्या कार्यक्रमावरील देखरेखीची पद्धत बदलण्याबाबत.

मान्यवर महोदय/महोदया,

या निवेदनावर सह्या करणाऱ्यांत समुपदेशक आहेत, मुलांना कामाला लावून देणारे कार्यकर्ते आहेत, आणि स्वतः बालगृहात वाढून आज नोकरी करणारे तरुण-तरुणीही आहेत. अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणून संस्थेबाहेर पडलेल्या मुलाला काम मिळवून देणे तुलनेने सोपे असते. ते काम सहा महिने टिकणे अवघड, आणि आमचे म्हणणे त्याबद्दलच आहे.

कायद्याबद्दल आमची मोठी तक्रार नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ४६ अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सुटल्यानंतरच्या आधाराची तरतूद करते. २०१६ च्या आदर्श नियमांतील नियम २५ मध्ये सहा ते आठ जणांचे तात्पुरते गटनिवास, प्रशिक्षणकाळात विद्यावेतन आणि सतत संपर्कात राहणारा समुपदेशक या सेवा सांगितल्या आहेत. हा आधार एकविसाव्या वर्षापर्यंत, अपवादात्मक परिस्थितीत तेविसाव्यापर्यंत मिळू शकतो. मिशन वात्सल्य योजनेत दरमहा ४,००० रुपयांची मदत आहे. शहरात कॉट बेसिसचे भाडे आणि जेवणाचा डबा यांतच ती संपते, पण आहे हे खरे. अनाथांसाठी १ टक्का समांतर आरक्षण देण्याचे पाऊलही या राज्याने उचलले आहे.

अडते ते देखरेखीत. आज कार्यक्रम तपासायला येणारे अधिकारी हजेरीपट, फोटो, नियुक्तीपत्रांच्या प्रती आणि खर्चाच्या पावत्या पाहतात. त्या पाहायलाच हव्यात. पण नियुक्तीपत्र मिळालेला मुलगा पाचव्या आठवड्यात का निघून गेला, हा प्रश्न कोणत्याही तपासणी प्रपत्रात नाही. तिथे एकच शेरा पडतो : ‘काम सोडले.’

यांपैकी अनेक मुलांनी लहानपणी मार, उपासमार, लैंगिक अत्याचार किंवा आई-वडिलांनी टाकून देणे सोसलेले असते. अशा आघाताने धोका हुंगण्याची सवय लागते, ती अठराव्या वाढदिवशी सुटत नाही. गॅरेजमध्ये उस्ताद सगळ्यांवरच ओरडतो. बाकीची पोरे हसून सोडून देतात, पण हा मुलगा हातातला पाना ठेवून निघून जातो आणि फोन बंद करतो. गोदामाच्या गेटवर रोज होणारी अंगझडती एखाद्या मुलीला असह्य होते आणि तिला ते सांगताही येत नाही. मुलाखतीत ‘गाव कुठलं? वडील काय करतात?’ हे साधेच विचारले जाते, पण उमेदवार तिथेच गप्प होतो. दिवाळीत तर आमची कसोटी लागते. मेस बंद, खोलीतले सोबती गावी गेलेले, आणि याला जायला कुठेच नाही. सुट्टी संपल्यावर कामावर न परतणाऱ्यांत आमची मुले असतात, हे आम्हाला आता आधीच ठाऊक असते. हजेरीपटावर या सगळ्याला बेशिस्त म्हणतात.

म्हणून गैरहजेरीबाबतची आमची मागणी सर्वांत आधी. कामावर न आलेल्या युवकाचे नाव लगेच कमी करू नये. तीन दिवसांच्या आत ओळखीच्या कार्यकर्त्याने त्याला प्रत्यक्ष भेटावे, कारण नोंदवावे आणि किमान तीन महिने परतीची जागा राखावी. या काळात मिशन वात्सल्यची मदत थांबवू नये. नोकरी सुटली की निवासही सुटते, ही अट असेल तिथे ती रद्द करावी. पहिली नोकरी सोडणाऱ्याला दुसरी आणि तिसरीही संधी मिळावी. घरच्या मुलांना आपण ती देतोच.

दुसरी मागणी कामाच्या जागेबद्दल. जागा आधी पाहिल्याशिवाय युवकाला तिथे पाठवू नये. तिथल्या एका जाणत्या कामगाराला सोबती म्हणून नेमावे आणि त्या वेळेचा मोबदला द्यावा. मालकाला मुलाची कहाणी सांगायची गरज नाही. ‘मागून येऊन खांद्यावर हात ठेवू नका, चूक बाजूला घेऊन सांगा, पहिले काही महिने रात्रपाळी देऊ नका’ एवढे सांगितले तरी पुष्कळ. प्रकरण निकाली निघाल्यावर चारित्र्य दाखल्यासाठी मुलाची नोंद पोलिसांनी उघड करू नये, असे बाल न्याय अधिनियमाचे कलम ७४ सांगते. तरीही ती माहिती मागितली जाते. याबाबत स्पष्ट परिपत्रक काढावे. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या पार्लर, दुकान किंवा कारखान्यात जाणाऱ्या प्रत्येक मुलीला, लैंगिक छळाची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे कशी करायची, हे रुजू होण्याआधी समजावून द्यावे.

तिसरी मागणी आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि ती आमच्या स्वतःबद्दल असल्याने थोडी संकोचाने मांडतो. या मुलांचे रोज ऐकणाऱ्या कार्यकर्त्याचे कोण ऐकते? रात्री अकराला मुलीचा फोन येतो, ‘ताई, मला इथून घेऊन जा’, आणि सकाळी दहाला मासिक अहवाल भरायचा असतो. काही महिन्यांत कार्यकर्ता एक तर कोडगा होतो, नाही तर मुलांचा पालक बनू पाहतो. दोन्हींत मुलाचे नुकसान आहे. यावर उपाय म्हणजे नियमित, ठरलेल्या वेळेचे मार्गदर्शन : दर पंधरवड्याला किमान एक तास, मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेल्या अनुभवी व्यक्तीसोबत, एकेका मुलाच्या प्रकरणावर बोलणे. कुठे आपण चिडलो, कुठे खोटे आश्वासन दिले, कुठे मर्यादा सुटली, हे तिथे मोकळेपणी निघाले पाहिजे. त्यासाठी ही व्यक्ती प्रशासकीय साखळीबाहेरची हवी. जो आमचा करार वाढवणार, त्याच्यासमोर आम्ही चुका मांडणार नाही. कुणीच मांडणार नाही. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतील ‘संवाद’ हा उपक्रम बाल संरक्षण यंत्रणेतील कर्मचाऱ्यांना असे प्रशिक्षण देतो. त्याच्या मदतीने आधी प्रत्येक महसूल विभागात मार्गदर्शकांची फळी उभी करावी, जिल्हे पुढच्या टप्प्यात घ्यावेत. एका समुपदेशकाकडे किती युवक असावेत याची कमाल मर्यादाही लेखी ठरवावी.

यश मोजण्याची पद्धतही बदलावी. रुजू झालेल्यांची संख्या मार्चअखेर कळवण्याऐवजी, बारा महिन्यांनी युवक कुठे आहे, राहायला जागा आहे का, अडचणीत फोन करायला कुणी आहे का, हे कळवावे. आकडे सुरुवातीला वाईट दिसतील. त्यासाठी कुणावर कारवाई होऊ नये.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेची किमान पात्रता बारावी आहे. शाळा वारंवार बदललेली आमची अनेक मुले दहावीपाशीच अडखळतात. त्यांच्यासाठी ही अट शिथिल करावी, अशी कौशल्य विकास विभागाला शिफारस आपण करावी.

शेवटची मागणी सह्या करणाऱ्या तरुणांची आहे. कार्यक्रमाचा आढावा घेणाऱ्या प्रत्येक जिल्हा समितीत संस्थेत वाढलेले किमान दोन युवक-युवती असावेत, त्यांना बैठकीचा भत्ता मिळावा, आणि बैठक त्यांच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ठेवावी. कामाच्या दिवशी बोलावले, तर त्यांचीच गैरहजेरी लागेल.

या मागण्यांवर चर्चेसाठी आमच्या शिष्टमंडळाला पंधरा दिवसांत वेळ द्यावी आणि घेतलेला निर्णय लेखी कळवावा, ही विनंती.

आपले विश्वासू,
अनुरक्षण सेवेतील युवक-युवती, समुपदेशक व क्षेत्रीय कार्यकर्ते
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे. युवकांची नावे गोपनीय ठेवावीत.)