निवृत्त शास्त्रज्ञ आणि वस्तुसंग्रहालय

कोलकात्याचे इंडियन म्यूझियम १८१४ साली एका शास्त्रज्ञाच्या पुढाकारातून जन्मास आले. नाथानिएल वालिच या डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञांनी एशियाटिक सोसायटीला आपल्या संग्रहातील जादा नमुने देऊ केले आणि मानद अभिरक्षकाचे कामही पत्करले. ते तेव्हा निवृत्त नव्हते. निवृत्तांना तर सवड अधिक.

जीवाश्म कोणत्या गावी, खडकाच्या कोणत्या थरात सापडला याची चिठ्ठी हरवली, की अभ्यासकाच्या दृष्टीने तो जवळजवळ मुका होतो. ही माहिती पुष्कळदा संग्राहकाच्या स्मरणातच असते व त्याच्याबरोबर जाते. म्हणून वृद्ध भूवैज्ञानिकाला हारतुरे देण्यापेक्षा गावच्या संग्रहालयाने एक मेज, एक भिंग आणि बंद कपाटाची किल्ली द्यावी. पगारी अभिरक्षकाची जागा मात्र त्या निमित्ताने रिकामी ठेवू नये. लिहिलेल्या चिठ्ठ्या जपायला रोज हजर राहणारा माणूस लागतोच.