रिकाम्या जागेची लाज कसली?

मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन म्हणजे डॉक्टरने बोलून ठेवलेला रुग्णाचा अहवाल ऐकून टाईप करणं. हल्ली पुष्कळ ठिकाणी पहिला मसुदा संगणकच काढतो आणि माणूस तो ऐकत ऐकत दुरुस्त करतो. पण या कामात नव्याने शिरलेल्या मुलामुलींची अडचण जुनीच आहे. शब्द कानावर पडतो, तो लिहायचा कसा ते कळत नाही. त्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला: "गूगलवर टाक, स्पेलिंग मिळेल." मला हा सल्ला अर्धवट वाटतो, आणि आजारी माणसाच्या कागदावर अर्धवट काम नको.

ऐकलं तसं लिहिता येत नाही हे गोवेकराला वेगळं सांगायला नको. आपण म्हणतो म्हापसा. रोमी लिपीतली पाटी अक्षर अक्षर लावून वाचली तर होतं 'मापुसा'. वैद्यकातल्या ग्रीक-लॅटिन शब्दांचंही असंच. सोरायसिस कोशात 'एस'खाली शोधाल तर हाती काही लागणार नाही, तो 'पी'खाली आहे. डोळ्यावर वाढणारं टेरिजियमसुद्धा 'पी'खालीच. छातीच्या हाडाचं टोक झिफॉइड, ते 'एक्स'खाली. डॉरलँड किंवा स्टेडमनचा कोश हाताळून ही मुकी अक्षरं एकदा ओळखीची झाली की निम्मं काम सोपं होतं.

पण निम्मंच. स्पेलिंग सापडलं म्हणजे शब्द सापडला असं नव्हे. आयलियम हा एकच उच्चार घ्या. मधलं अक्षर 'ई' असेल तर तो लहान आतड्याचा शेवटचा भाग, 'आय' असेल तर कमरेचं हाड. डिस्फेजिया म्हणजे गिळायला त्रास, डिस्फेझिया म्हणजे बोलण्यातला दोष. संगणकाच्या स्पेलचेकरला हे सगळे शब्द बरोबरच वाटतात, कारण ते बरोबर आहेतच. चुकीची असते ती जागा. आतड्याची शस्त्रक्रिया चालली आहे की हाड मोडलं आहे, हे मागचंपुढचं वाक्य वाचल्याशिवाय कळायचं नाही. म्हणून माझं म्हणणं असं की आधी अर्थ पडताळावा, मग स्पेलिंग.

औषधांच्या बाबतीत तर हे फारच खरं. सेलेब्रेक्स सांधेदुखीवर देतात, सेलेक्सा नैराश्यावर, सेरेबिक्स फिट्सवर. घाईत बोलणाऱ्याच्या तोंडून तिन्ही एकसारखी येतात. अशा वेळी तीन गोष्टी ताडून पाहाव्यात: रुग्णाचा आजार कोणता, डोस किती, आणि औषध तोंडाने देतात की सुईने. तिन्ही जुळल्या तरच ते नाव. हा केवळ कानाचा दुबळेपणा नव्हे. ब्रिंटेलिक्स हे नैराश्यावरचं औषध आणि ब्रिलिंटा हे रक्त गोठू न देणारं. यांचा घोळ होऊ लागला म्हणून अमेरिकेत 2016 साली पहिल्याचं नावच बदलून ट्रिंटेलिक्स केलं गेलं.

आणि घोळाची किंमत? 2008 साली अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात इस्पितळातून बाहेर पडलेल्या एका बाईच्या कागदावर लेव्हेमिर इन्सुलिन 8 युनिटऐवजी 80 युनिट असं टाईप झालं. ते टंकलेखन भारतात झालं होतं. पुढच्या ठिकाणी त्या कागदाप्रमाणे इन्सुलिन दिलं गेलं आणि ती बाई दगावली. 2012 साली ज्यूरीने 14 कोटी डॉलर भरपाईचा निकाल दिला. इंग्रजीत 'एट' आणि 'एटी' यांच्यात अंतर ते किती! शिवाय इन्सुलिनची 80 युनिटं घेणारे रुग्णही असतात, तेव्हा नुसत्या आकड्याकडे पाहून संशय येईलच असं नाही. त्याच रुग्णाच्या आधीच्या नोंदीशी आकडा ताडावा लागतो.

एवढं करूनही शब्द लागला नाही तर? तर जागा रिकामी सोडावी, ध्वनिफितीवर तो शब्द कुठल्या मिनिटाला आहे ते लिहावं, कानाला कसा लागला तेही लिहावं, आणि वरच्याकडे पाठवावं. इथेच खरी अडचण आहे. पगार ओळींवर, आणि रिकाम्या जागा दोषांत मोजल्या जातात, असं जिथे चालतं तिथे नवखं पोर अंदाजाने काहीतरी भरून मोकळं होतं. मग आपण त्याला निष्काळजी म्हणतो! माझ्या मते दोष त्या मोजमापाचा आहे. रिकामी जागा वाचणाऱ्याला थांबवते, विचारायला लावते. चुकीचा शब्द कुणालाच थांबवत नाही. "डॉक्टर तपासतातच की" असं म्हणणाऱ्यांनी अलाबामाचा कागद आठवावा.

यंत्र आलं म्हणून हा प्रश्न मिटला असंही नाही. व्हिस्पर नावाची बोलणं उतरवणारी प्रणाली कधी कधी कुणी न बोललेली वाक्यंही लिहून टाकते, हे संशोधकांनी 2024 साली दाखवून दिलं. "मला ऐकू आलं नाही" हे सांगणं माणसाला जमतं. ते त्याचं मोठं भांडवल आहे.

औषधांची नावं पडताळायचं काम गोव्याला नवं नाही. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने इथल्या औषधी वस्तूंवर लिहिलेला ग्रंथ 1563 साली गोव्यातच छापला गेला. एकेका वस्तूचं नाव निरनिराळ्या भाषांत काय, जुन्या ग्रंथांतली वस्तू ती हीच की दुसरी, याची त्याने संवादरूपाने चिकित्सा केली आहे. छपाईच्या चुका मात्र इतक्या राहिल्या की शेवटी लांबलचक शुद्धिपत्र जोडावं लागलं. ग्रंथाला शुद्धिपत्र जोडता येतं. टोचून झालेल्या इन्सुलिनला ते जोडता येत नाही.