जेलखालचे नख

मे महिन्यात आमच्या धाकट्या बहिणीच्या सासरी लग्न होते. गाव पौडच्या पुढे, मुळशी धरणाच्या बाजूला. चांगले ब्यूटी पार्लर म्हटले की पिरंगुट, नाहीतर थेट कोथरूड गाठावे लागते. म्हणून घरातल्या मुलींनी सगळे सामान मोबाइलवरून घरीच मागवले. त्यात एक डबा होता. नखांना मजबुती देणारे जेल, ते वाळवायचा छोटा दिवा, फाईल आणि चिमटा. आमच्या भाचीच्या हाताला कला आहे. तिने घरातल्या सहा-सात जणींची नखे केली आणि शेवटी स्वतःची. काचेसारखी चमकत होती. आम्हीही कौतुक केले, खोटे कशाला बोला.

तिचे नमाज माफ असलेले दिवस चालू होते. तिने विचार केला, आता लावू, दिवस संपले की काढून टाकू. नेलपॉलिशचे आपल्यापैकी पुष्कळजणी असेच करतात. पण दिवस संपले तेव्हा कळले की घरातल्या रिमूव्हरच्या बाटलीने हे जेल हलतसुद्धा नाही. उद्या पुण्याहून काहीतरी आणू, परवा आणू, असे दोन दिवस गेले. लग्नाच्या सहाव्या दिवशी फजरच्या आधी तिची दादी अल्लाहला प्यारी झाली.

ज्या दादीने तिला लहानाची मोठी केली, तिच्या गुस्लच्या वेळी ही पोर दाराशी उभी राहिली, आत गेली नाही. जनाजा निघाल्यावर बायका सिपारे घेऊन बसल्या. कुणीतरी तिच्याही हातात सिपारा द्यायला गेले, तिने हात मागे घेतला आणि शेजारणीकडे बोट केले. आम्हाला वाटले, रडण्याने तिला अक्षर दिसत नसेल. कारण रात्री कळले. आम्ही तिला सांगितले, "अगं, तोंडपाठ असलेल्या सूरा वाचायला वुजूची अट नाही, तेवढ्या तरी वाच." तिने वाचल्या. मग मोरीत बसून चिमट्याने आणि दातांनी ते जेल तिने एकेका बोटावरून ओढून काढले. सकाळी तिची नखे पांढरट, खरबरीत आणि कागदासारखी पातळ झाली होती. कोमट पाणी लागले तरी ती हात झटकत होती.

त्यानंतर आम्ही या "मजबुती"चा जरा अभ्यास केला. शाळेत बोर्डावर काढून दाखवावे तसे सांगतो.

आपल्याला दिसते ते नख म्हणजे केराटिन या प्रथिनाचे एकावर एक बसलेले पापुद्रे. त्यात जीव नसतो. जिवंत असते ते नखाचे मूळ, कातडीखाली लपलेले. नख घडते तिथे. त्यामुळे वरून लावलेले कोणतेही जेल नखाला "पोषण" देऊ शकत नाही, जशी कापलेल्या केसाला खुराक देता येत नाही. जेल करते ते एवढेच, की नखावर प्लॅस्टिकचे कवच चढवते. कवच आहे तोवर नख तुटत नाही हे खरे. पण खालचे नख होते तसेच राहते, आणि कवच चुकीच्या रीतीने काढले की होते त्याहून पातळ होते, कारण वरचे पापुद्रे जेलसोबत निघून येतात.

बाजारात "मजबुती"च्या नावाने दोन निराळ्या वस्तू मिळतात. एक साध्या नेलपॉलिशसारखी पातळ बाटली. यातल्या काहींत फॉर्मल्डिहाइड असते. ते केराटिनच्या धाग्यांना एकमेकांशी बांधते, नख टणक होते, आणि बरेच दिवस लावत राहिले तर टणकपणामुळेच तडकू लागते. काच टणक असते, वेताची काठी चिवट असते. नखाला चिवटपणा हवा. दुसरी वस्तू म्हणजे दिव्याखाली घट्ट करायचे जेल. त्यातही दोन जाती आहेत. एक ॲसिटोनमध्ये भिजवून निघते, दुसरी कडक जात ॲसिटोनला दाद देत नाही, घासूनच काढावी लागते. घेताना बाटलीवर ही एक गोष्ट वाचली असती तर आमच्या भाचीची रात्र तशी गेली नसती.

आता वुजूची बाजू. वुजूत आणि गुस्लमध्ये पाणी नखापर्यंत पोहोचले पाहिजे, ही गोष्ट आपल्या घरात लहान मुलीलाही ठाऊक असते. नखावर थर असेल आणि पाणी खाली जात नसेल तर वुजू होत नाही. मेहंदीचा रंग केराटिनमध्ये मुरतो, वर थर उरत नाही, म्हणून मेहंदी चालते. हनफी फिकहच्या "दुर्रे मुख्तार"सारख्या जुन्या किताबात याचा फार बारीक विचार आहे. नखात सुकून राहिलेले पीठ वुजूला आड येते, पण नखातला मळ आणि चिखलमाती येत नाही, मग माणूस खेड्यातला असो की शहरातला. आम्हाला हा भाग वाचताना मुळशीची भातलावणी आठवते. जून-जुलैत दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून आवण लावणाऱ्या बाईच्या नखातली माती किती घासली तरी पुरती निघत नाही. शेकडो वर्षांपूर्वी किताब लिहिणाऱ्याने तिची अडचण ओळखली होती.

साध्या नेलपॉलिशचे आणि जेलचे गणित मात्र वेगळे आहे. नेलपॉलिश दोन मिनिटांत निघते, म्हणून ती माफीच्या दिवसांत बसते. जेल दोन-तीन आठवडे टिकावे म्हणूनच बनवलेले असते. तुमचे दिवस पाच नाहीतर सात. म्हणजे हिशेब मुळातच जमत नाही. शिवाय पाळी संपल्यावरचे गुस्लही त्याच नखांनी करायचे असते, हे गडबडीत विसरायला होते. भाचीने नंतर मान खाली घालून सांगितले की त्या दोन दिवसांच्या नमाजा तिला कजा कराव्या लागल्या.

पाणी आरपार जाऊ देणाऱ्या पॉलिशचे काय, असे मुली विचारतात. पोलंडच्या इंग्लॉट कंपनीचे "ओटूएम" नावाचे पॉलिश हवा आणि बाष्प जाऊ देते म्हणून २०१३ च्या सुमारास मुस्लिम महिलांत जगभर चर्चेत आले, आणि मग "हलाल नेलपॉलिश"ची रांगच लागली. बाष्प जाणे आणि वुजूचे पाणी नखाला लागणे या एकच गोष्टी आहेत का, यावर उलेमांचे एकमत नाही. तुमच्या भरवशाच्या मुफ्तींना बाटली दाखवून विचारावे. पण दिव्याखालचे जेल त्या जातीचे नाही. दुकानदार दोन्हींना "ब्रीदेबल" म्हणून विकत असेल तर फसू नका.

दुसरी काळजी कातडीची आहे, आणि घरी करणाऱ्यांना ती पार्लरवालीपेक्षा जास्त. जेल ॲक्रिलेट नावाच्या रसायनांचे असते. नीट घट्ट झाले की ते बरेचसे निरुपद्रवी. पण एका कंपनीचे जेल आणि दुसऱ्या कंपनीचा दिवा, किंवा थर जाड, म्हणजे आतले जेल कच्चे राहते. कच्चे जेल कातडीला पुनःपुन्हा लागले तर ॲलर्जी होते. नखाभोवती खाज, भेगा, कधी पापण्यांवर पुरळ, कारण बोटे डोळ्यांना लागतातच. ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते, आणि दातात भरायच्या सिमेंटमध्येही हीच रसायनांची जात असते. ब्रिटनच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये घरगुती जेल किटबद्दल हाच इशारा दिला होता. युरोपीय संघाने "हेमा" हा घटक असलेली नखांची उत्पादने २०२० च्या नियमाने फक्त व्यावसायिकांपुरती ठेवली, आणि जेल घट्ट करणारा "टीपीओ" हा घटक तर १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंदच केला. भाचीच्या डब्यावरची अक्षरे मुंगीएवढी होती. आम्ही चष्मा लावून, मोबाइलने मोठी करून वाचली. त्यात हेमा होते.

एक गोष्ट दवाखान्याची. बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू मोजतात, तो प्रकाश नखातून जातो. गडद किंवा जाड थर असेल तर आकडा चुकू शकतो. ऑपरेशनच्या आधी डॉक्टर नखांचा रंगही बघतात. म्हणून बाळंतपणाची तारीख जवळ आलेल्या मुलीच्या हातावर जेल असू नये. आपल्याकडे धरणाच्या बाजूच्या गावांतून पुण्यापर्यंत जायलाच किती वेळ लागतो, तिथे पोहोचून फाईल घेऊन कोण बसणार?

याच ओघात, जे आम्हाला सर्वांत जास्त खटकते ते. नखे सारखी तुटतात, पातळ आहेत, मधे चमच्यासारखी खोलगट झाली आहेत, अशा तक्रारीवर मुलगी जेल लावते. खोलगट नखे हे शरीरातले लोह कमी पडल्याचे लक्षण असू शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांत रक्त कमी आढळले. म्हणजे निम्म्याहून जास्त. आमच्या वर्गात रांगेने हात तपासले की फिकी नखे आम्हालाही दिसतात. जे नख ओरडून सांगते आहे त्याच्यावर आपण चकचकीत झाकण घालतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. थायरॉइडनेही नखे ठिसूळ होतात. आणि "बायोटिन"च्या गोळ्या मनाने सुरू करू नका. त्यांचा फायदा झालाच तर थोड्यांना, पण त्यांच्यामुळे थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकतात. घेत असाल तर रक्त देण्यापूर्वी डॉक्टरांना सांगा.

बाकी बहुतेक घरांत नखे तुटण्याचे कारण मोरीतच असते. नख पाणी पिऊन फुगते, वाळले की आक्रसते, आणि या फुगण्या-आक्रसण्यात पापुद्रे सुटतात. वुजूला हात मिनिटभर ओले होतात. खरा मार बसतो तो भांड्यांच्या साबणात अर्धा-अर्धा तास हात बुडवल्याने. भांडी घासताना रबरी मोजे, आत सुती असले तर उत्तम. हात कोरडे केल्यावर नखांच्या मुळाशी खोबरेल चोळायचे, झोपताना तर नक्की. वुजूच्या आधी तेल धुऊन घेतले की झाले, तेलाचा पातळ ओशटपणा जेलसारखा थर नसतो. नखे ओली असताना फाईल लावू नये, आणि पुढेमागे करवतीसारखी न ओढता एकाच दिशेने फिरवावी. नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी कापू नये. ती दाराची फट बुजवणारी पट्टी आहे, कापली की जंतू आत जातात आणि नखुरडे होते. लावणीच्या दिवसांत आमच्या भागात नखुरड्याने सुजलेली बोटे घरोघरी दिसतात. अशा बोटावर जेल मुळीच नको, आणि साखरेचा आजार असेल तर घरचा लेप न लावता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

मग नखे लांब ठेवायची तरी कशाला, हा प्रश्न आम्ही मुलींना विचारतो तेव्हा त्या हसतात. सहीह मुस्लिममधल्या हदीसेत नखे कापण्याची जास्तीत जास्त हद्द चाळीस दिवसांची आली आहे. हाताचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते, म्हणजे चाळीस दिवसांत ४. एवढ्या लांबीच्या आतल्या नखाला सहसा कवचाची गरज पडत नाही.

ज्यांच्या हातावर आज जेल आहे त्यांनी घाबरून ओढू नये. वरची चमक फाईलने हलकेच घासावी, ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवून वरून स्वयंपाकाचे ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळावे, दहा-पंधरा मिनिटे थांबावे. जेल आपोआप सुटू लागते. सुटले नाही तर पुन्हा भिजवावे, जोर लावू नये. ॲसिटोन झटकन पेट घेतो, म्हणून हे काम गॅसच्या जवळ नाही, खिडकीपाशी. नंतर तेल. कडक जातीचे जेल असेल तर सरळ पार्लरवालीकडे जावे, ते पैसे वाचवू नयेत.

भाचीने बकरी ईदला नखांना मेहंदी लावली. साधी, पाट्यावर वाटलेली, दादी लावायची तशी. काळ्या झटपट कोनात केस रंगवायचे रसायन असते, तो आम्हीच तिला आणू दिला नाही. नखावरची मेहंदी पुसली जात नाही, नखाबरोबर वर सरकत जाते. त्यामुळे तिला मोजमाप आयतेच मिळाले. लाल भागाखालून येणारे नवे नख जाड आणि गुळगुळीत होते, गणपतीच्या सुटीत ते अर्ध्यावर पोहोचले होते. आता दिवाळीच्या सुटीत ती आली तेव्हा तिने हात पुढे केले. करंगळीची लाली कापून झाली होती. बाकीच्या बोटांवर टोकाला रेघ उरली होती, आणि अंगठ्याला अजून महिनाभर लागेल.